ध्वनीची खूण

सरांनी फळ्यावर 'ध्वनी' असा शब्द लिहिला, खडू टेबलावर ठेवला, बोटांची भुकटी झटकली आणि म्हणाले, "आता कान देऊन ऐका. आजवर झालं ते सोपं होतं." दुभाषी बाई त्यांच्या डाव्या हाताला, नेहमीच्या जागी उभ्या होत्या. 'कान देऊन' यासाठी त्यांनी दोन बोटं डोळ्यांपासून पुढे नेली, कारण ज्या मुलीसाठी त्या उभ्या होत्या ती डोळ्यांनी ऐकत असे. मग तो शब्द आला. बाईंनी तर्जनी कानाशी नेली आणि हवेत थरथरवली. आवाज. सर म्हणाले, "ध्वनी नसेल तर कविता कोरडी ठणठणीत." बाईंच्या हातांनी सांगितलं, आवाज नसेल तर कविता कोरडी ठणठणीत. पहिल्या बाकावरच्या मुलीनं एकदा बाईंच्या हातांकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे पाहिलं, आणि मान फिरवून ती खिडकीबाहेर बघू लागली.

एवढंच घडलं. वर्गातल्या बाकीच्या चाळीस जणांना त्याचा पत्ताही लागला नाही. त्यांच्यातला कुणी खिडकीबाहेर बघत बसला तरी सरांचा निम्माशिम्मा आवाज कानांवर पडतच राहतो, इच्छा असो वा नसो. हिनं मान फिरवली की संपलं. बाईंचे हात थोडा वेळ तसेच चालत राहिले. सर बोलत होते म्हणून हात चालत होते. शब्दामागून शब्द, दोन वाक्यं मागे राहून, सव्वीस वर्षांच्या सवयीनं. आपण कुणाशीच बोलत नाही आहोत हे त्यांना जाणवलं तेव्हा हात छातीसमोर अर्धवट उघडे होते. ते खाली घ्यावेत की नाही हे त्यांना ठरवता येईना. दुभाष्याचं काम पत्करल्यापासून त्यांना लोकांनी दारात उभं केलं होतं, साहेबांनी वाक्य अर्ध्यावर तोडलं होतं, एकदा तर कोर्टात 'हातवारे बंद करा' असंही ऐकावं लागलं होतं. पण ज्याच्यासाठी बोलायचं त्यानंच नजर काढून घ्यावी, हे पहिल्यांदा घडत होतं. तास संपायला वीस मिनिटं होती. बाई वीस मिनिटं तशाच उभ्या राहिल्या आणि मुलीच्या कानशिलाशी बोलत राहिल्या.

त्या मुलीचं नाव हजेरीपटावर लांबलचक होतं, पण बहिऱ्यांच्या जगात तिला भुवई म्हणत. तिथे प्रत्येकाला खुणेचं एक नाव मिळतं आणि ते आपलं आपण घेता येत नाही, दुसऱ्यांनी ठेवावं लागतं. हिची उजवी भुवई कशावर विश्वास बसेनासा झाला की एकटीच वर जायची, म्हणून शाळेतल्या पोरींनी बोट भुवईवरून वर फिरवून तिचं बारसं केलं होतं. वीस वर्षांची होती. हट्टानं साहित्य हा विषय घेऊन बसली होती. कार्यालयातल्या कारकुनानं तिच्या दादाला समजावलं होतं, की बाबा रे, हिला शिवणकाम, संगणक, असलं काहीतरी द्या, कविता काय करायच्यात? दादानं खांदे उडवले होते. तो रोज तिला स्कूटरवरून सोडायचा, संध्याकाळी न्यायला यायचा, फी वेळेवर भरायचा आणि बाईंना म्हणायचा, "ताई, तुम्ही आहात म्हणून चाललंय तिचं. घरी आम्हांला काही म्हणजे काही सांगत नाही." बाईंनी एकदा विचारलं होतं, "तुम्ही विचारता का?" तो ओशाळून हसला होता. "मला कुठे येतात हातवारे? जेव, चल, झोप. एवढ्यावर निभावतं."

तास सुटल्यावर भुवई वही न उघडता बाकावर बसून राहिली. बाई समोर गेल्या. भुवईनं विचारलं, आणि विचारताना तिचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालले होते, जणू लहान मुलाला सांगावं तसे, "कवितेचा जीव आवाजात असेल तर मी इथे काय करते?"

"सर तसं म्हणाले," बाईंचे हात म्हणाले.

"सर म्हणाले की तू म्हणालीस?"

भुवईनं पिशवीतून एक छापील अर्ज काढून दाखवला. शनिवारपर्यंत विषय बदलता येत होता. "भूगोल घेते," ती म्हणाली. "नकाशाला आवाज नसतो." आणि अर्ज घडी करून वहीत ठेवून ती निघून गेली. त्या दिवशी मंगळवार होता.

जिना उतरताना बाईंनी स्वतःशी हुज्जत घातली. सर बोलले ते मी सांगितलं. शब्दाला शब्द दिला. ध्वनी म्हणजे आवाज, हे शेंबडं पोरही सांगेल. पण दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्यांचे पाय थांबले. गेले तीन आठवडे हेच तर चाललं होतं. उपमा आली तेव्हा त्यांनी 'सारखं' अशी खूण केली होती. रूपक आलं, तेव्हाही 'सारखं'. उत्प्रेक्षा आली, सर अर्धा तास घसा फोडून तिच्यातला आणि रूपकातला फरक सांगत होते आणि बाई अर्धा तास 'सारखं, सारखं' करत होत्या. जिथे अगदीच हात टेकले तिथे त्यांनी शब्द अक्षर अक्षर बोटांवर लिहून दाखवला होता आणि पुढे गेल्या होत्या. भुवईनं ती अक्षरं वहीत उतरवून घेतली होती; तिच्या वहीत तीन आठवड्यांची नुसती नावं होती, घरंदाज माणसांच्या दारावरच्या पाट्यांसारखी, आत कोण राहतं याचा थांग नाही. बाई स्वतः वाणिज्य शाखेच्या. कोर्टात, दवाखान्यात, पोलिसांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिथे शब्द नेमके असत; जामीन म्हणजे जामीन, टाका म्हणजे टाका. नवीन दुभाष्यांना शिकवताना त्या एक नियम आवर्जून सांगत, 'शब्द कळला नाही तरी हात थांबता कामा नयेत. हात थांबले की समोरचा घाबरतो.' हा नियम कुठल्या पुस्तकातला नव्हता. तो त्यांना अकराव्या वर्षी एका दवाखान्याच्या व्हरांड्यात सापडला होता, आणि तो कसा सापडला हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या पुन्हा जिना चढल्या. प्राध्यापकांच्या खोलीत सर डबा उघडत होते. बाईंनी प्रस्तावना केली नाही. "सर, ध्वनी म्हणजे आवाज ना?"

सर आधी हसले. "अहो बाई, नेमका आवाजच नव्हे. नाव तेवढं तसं आहे. घंटा वाजून गेल्यावर मागे जो..." आणि ते थांबले. घंटेचा दाखला ते तीस वर्षं देत आले असावेत. तो कुणापुढे ठेवायचा आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "थांबा. असं बघा. मुलगा घरी उशिरा येतो. बाप दारात उभा. बाप विचारतो, 'किती वाजले?' आणि बापाच्या मनगटावर घड्याळ आहे. तो वेळ विचारतोय का?"

"नाही. खडसावतोय."

"खडसावणारा एक तरी शब्द आहे त्यात?"

"नाही."

"बोललं एक जातं, कळतं भलतंच, आणि कवितेत हे कळलेलंच खरं. त्याला ध्वनी म्हणतात. कानाचा संबंधच नाही." सरांनी बाईंकडे नीट पाहिलं. "तुम्ही वर्गात काय सांगितलंत?"

"आवाज," बाई म्हणाल्या.

सरांनी डबा बाजूला सारला. मग त्यांनी खणातून उत्तरपत्रिकांच्या जुन्या पुरवण्या काढल्या आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहायला लागले. एकेक संज्ञा, तिच्याखाली दोन ओळी अर्थ, एक घरातलं उदाहरण. अडतीस संज्ञा झाल्या. अनुप्रासापाशी त्यांचं पेन अडलं. "एकच अक्षर पुन्हा पुन्हा येतं आणि कानाला गोड लागतं. हे तुम्ही कसं करणार?"

"ते माझ्यावर सोडा," बाई म्हणाल्या. कसं करणार ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्या कागदांची गुंडाळी हातात घेताना त्यांना आपले हात बऱ्याच वर्षांनी आपल्याच खांद्यांना जोडलेले आहेत असं वाटलं.

बुधवार आणि गुरुवार बाईंनी दुसरी कामं पुढे ढकलली. सकाळी उठल्याबरोबर त्या आरशासमोर उभ्या राहायच्या आणि पुरवण्या आरशाच्या चौकटीत खोचून एकेका संज्ञेशी झुंजायच्या. उपमा जमली: दोन मुठी शेजारी शेजारी, मधे बोटभर फट. रूपकात ती फट काढून टाकायची, एक मूठ दुसरीत शिरते. उत्प्रेक्षेला त्यांनी पहिली मूठ दुसरीपाशी नेऊन डोळे बारीक केले, ही तीच तर नाही ना, असं विचारल्यासारखे. तीन खुणा झाल्या आणि त्यांना इतका आनंद झाला की त्या आरशात बघून स्वतःशीच हसल्या. विरोधाभास, अतिशयोक्ती, व्याजस्तुती. कुठे गाडी अडली की हुसकून काढल्यासारख्या खोलीभर फिरायच्या. पण ध्वनीपाशी त्या पुन्हा पुन्हा येत आणि पुन्हा पुन्हा परत फिरत. बोललं नाही तरी कळलं, हे हातांनी दाखवायचं तर हातांनी बोलावंच लागतं. गुरुवारी दुपारी दोन वाजता त्या थकून आईच्या खोलीत जाऊन बसल्या.

आई जन्मापासून बहिरी. ऐंशीच्या घरात पोचलेली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, त्यामुळे शिकलेल्या बहिऱ्यांच्या खुणा तिला परक्या. तिची भाषा घरातली, तिची तिनं केलेली, आणि ती जगात एकट्या बाईंना पूर्ण येत होती. उभ्या आयुष्यात आईनं एका शिंप्याच्या दुकानासाठी काजं केली. शर्टांची, कोटांची, गठ्ठ्यांनी. आता डोळे शिणले होते, तरी कापडाचा एखादा तुकडा मांडीवर घेऊन ती सवयीनं काज विणत बसायची. ज्याला कधी बटण लागणार नव्हतं असं काज. बाईंनी तिच्या गुडघ्याला हात लावला. तिनं मान वर केली.

"एक विचारू? समोरच्यानं सांगितलं नाही. तरी कळलं. अशाला तू काय करशील?"

आईनं सुई कापडात टोचून ठेवली. तिला प्रश्न समजला नाही असं बाईंना वाटलं, म्हणून त्या दुसरं उदाहरण द्यायला निघाल्या, पण आईनं हात वर करून त्यांना थांबवलं. मग तिनं मनगटावर दोन बोटं टेकवली. डॉक्टर. वरच्या ओठावरून बोट फिरवलं. बाबा. आणि कमरेएवढ्या उंचीवर तळहात धरला. तू, एवढी होतीस.

तो व्हरांडा बाईंच्या समोर जसाच्या तसा उभा राहिला. पिवळट भिंत, औषधाचा दर्प, पायांखाली गार फरशी. त्या अकरा वर्षांच्या होत्या. डॉक्टर खाली वाकून त्यांच्याशी बोलत होते, कारण आईशी बोलायचं तर मुलीशीच बोलावं लागे; दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे तसंच करत. डॉक्टर म्हणाले होते, "बाळ, आईला सांग, आता आशा नाही. फार तर महिना, दीड महिना." अकरा वर्षांच्या मुलीला सगळे शब्द कळले होते. हात वर गेले आणि मधेच थांबले. आईच्या चेहऱ्यावर भीती पसरताना त्यांनी पाहिली; हात थांबले म्हणूनच ती पसरली असं त्यांना वाटलं, आणि हात घाईघाईनं चालू झाले. बरे होतील. वेळ लागेल, पण बरे होतील. आईनं मान डोलावली होती. पुढचे चाळीस दिवस आईनं जे जे केलं ते बाईंनी अपराध्यासारखं पाहिलं. ती रोज सकाळी बाबांची दाढी करून द्यायची. बारा वर्षं अबोला धरलेल्या काकांना तिनं हाताला धरून घरी आणलं. मुलीला शाळेतून आल्या आल्या बाबांच्या उशाशी बसवलं, रोज, खेळायला न सोडता. ती बिचारी आशेवर आहे, आपण लावलेल्या आशेवर, असं मुलीला वाटत राहिलं. बाबा गेले. आई रडली. मुलगी रडली नाही, कारण खोटं बोलणाऱ्यानं रडायचं कसं?

आईचे म्हातारे हात पुन्हा चालू झाले. "तुझे हात म्हणाले, बरे होतील. मी तुझ्या पायांकडे पाहिलं. तू एका पायावर उभी होतीस. दुसऱ्या पायाचा अंगठा फरशी उकरत होता. फरशी उकरली जाते का? मला कळलं."

बाईंचे हात मांडीवर पडून राहिले. शब्द कळला होता आणि हात थांबले होते.

"तेव्हाच?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तेव्हाच. म्हणून तर त्यांच्या भावाला आणलं. म्हणून तुला त्यांच्याजवळ बसवलं."

"मग मला का नाही सांगितलंस? चाळीस वर्षं!" बाईंचे हात इतक्या जोरात चालले की एकमेकांवर आपटले. त्यांना वाटलं होतं, कधी हे उघड झालं तर छाती हलकी होईल. झालं भलतंच. त्यांना राग आला होता, अकरा वर्षांच्या मुलीला यावा तसा, आणि त्या रागाच्या तळाशी, लाज वाटावी इतका, आईचा अभिमान.

आईनं त्यांचे दोन्ही हात धरले, बोलू न देण्यासाठी की कुरवाळण्यासाठी ते कळू नये असे धरले, आणि मग सोडून म्हणाली, "एवढ्या कष्टानं सांगितलं होतंस. मोडवेना." आणि सुई उपसून तिनं काज पुढे चालवलं. बाई तिच्याजवळ ऊन भिंतीवरून सरकेपर्यंत बसून राहिल्या. त्या दुपारी त्यांना खूण मिळाली नाही. पण शुक्रवारी भुवईला काय सांगायचं ते त्यांचं पक्कं ठरलं.

शुक्रवारी दुपारी रिकाम्या वर्गात त्यांनी भुवईला समोर बसवलं. "मी चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "ध्वनी म्हणजे आवाज नाही."

"आणखी काय काय चुकीचं सांगितलंस?"

"तीन आठवडे."

उजवी भुवई वर गेली आणि तिथेच राहिली. सव्वीस वर्षांत बाईंनी 'चुकलं' ही खूण स्वतःबद्दल केली नव्हती. दुभाष्याची चूक कुणाला दिसतच नाही, दोन्हीकडचे लोक एकमेकांनाच दोष देतात. त्यांनी सरांच्या पुरवण्या बाकावर पसरल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. रूपकाची मूठ मुठीत शिरली तेव्हा भुवई पुढे झुकली. उत्प्रेक्षेला ती हसली. ध्वनीपाशी आल्यावर बाईंनी बापाचं घड्याळ सांगितलं, आणि मग, सांगायचं नाही असं ठरवलेलं असूनही, व्हरांडा सांगितला. आईचा प्रश्न सांगितला, की फरशी उकरली जाते का. भुवईनं विचारलं, "ध्वनीला खूण काय दिलीस?"

"सापडत नाही."

"तू का शोधतेस? कान असलेल्यांनी आमच्यासाठी शोधायची?" भुवईनं उजवी मूठ समोर धरली, बंद. लोकांनी पाहावी अशी. मग डावा तळहात तिच्यामागून, खालून, सावकाश वर आला आणि मुठीआडून उघडला, अर्धाच दिसेल इतका. मूठ मधे तशीच राहिली. तिनं एकदा करून पाहिलं, मान हलवली, तळहात आणखी थोडा मागे घेतला आणि पुन्हा केलं. बाईंनी ती तशीच करून पाहिली. भुवईनं वहीतला अर्ज काढला, फाडला नाही. नीट घडी उलगडून त्याच्या कोऱ्या बाजूवर अडतीस आकडे घातले आणि पहिल्या ओळीत लिहिलं, ध्वनी. "उद्यापासून तू अर्थ सांगायचा," ती म्हणाली, "खुणा मी करीन. आवडली नाही तर भांडायचं."

त्या भांडल्या. सबंध सहामाही भांडल्या. कधी कॉलेजच्या पायऱ्यांवर, कधी बाईंच्या घरी आईच्या खोलीत, जिथे आई मधेच दोघींचे हात बाजूला सारून आपली एखादी खूण घुसवायची. भुवईला यमक सोपं गेलं, अनुप्रासावर ती आठ दिवस रुसून बसली. मग एके दिवशी तिनं सरांच्या टेबलासमोर उभं राहून पाच बोटं ताठ उघडलेल्या एकाच पंजानं एक ओळ म्हणून दाखवली: झाड, पान, वारा, भिरभिर, आकाश, ऊन. पंजा एकदाही मिटला नाही, नुसता वळला, झुकला, उंच गेला. बाईंनी तोंडानं अर्थ सांगायला सुरुवात केली तर सरांनीच त्यांना गप्प केलं. "कळलं," ते म्हणाले. "पुन्हा करायला सांगा." बाईंच्या लक्षात यायला लागलं होतं, की आता वर्गात उभं राहताना एखादा शब्द कळला नाही तर त्या हात थांबवतात. सरांना विचारतात, "म्हणजे काय?" चाळीस पोरं मान वर करून बघतात, कारण निम्म्यांना तोच प्रश्न असतो. भुवई घाबरत नाही. ती वाट बघते.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, कृश, चष्मा कपाळावर सरकवलेले, हातात चिठ्ठ्यांचा जुडगा. खोलीचं दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर आपापल्या पाळीची वाट पाहणारी मुलं होती. त्यांच्याच टोकाला, दाराला लागून, तिला न्यायला आलेला दादा बसला होता. बाई भुवईच्या समोर, परीक्षकांच्या खांद्यापाशी उभ्या राहिल्या. "ती सांगेल ते मी 'मी' असं म्हणून बोलेन," त्यांनी नेहमीप्रमाणे बजावलं. "तो 'मी' माझा नव्हे." परीक्षकांनी मान डोलावली, एक चिठ्ठी काढली, वाचली आणि अवघडून शेजारी बसलेल्या सरांकडे पाहिलं. "ही बदलू का? ध्वनी आलाय. हिला जरा..."

बाईंनी तेही सांगितलं. अवघडणं आणि अर्धं तोडलेलं वाक्य, सगळं. भुवईनं दोन्ही तळहात पुढे केले. बदलू नका.

तिनं व्याख्या सांगितली आणि बाईंनी ती बोलून दाखवली. परीक्षक म्हणाले, "उदाहरण दे. पुस्तकातलं नको." भुवईचे हात चालू झाले आणि बाईंच्या तोंडून तिचा 'मी' बाहेर पडू लागला. "आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांच्यात बसते. मग वहिनी माझ्या हातात ट्रे देते. ट्रे..." बाई तिथे अडखळल्या, कारण पुढचे हात त्यांना दिसले होते आणि दाराशी बसलेला दादाही त्यांना दिसत होता. त्याची कोपरं गुडघ्यांवर होती, मान खाली, पण कान इकडे. हा माणूस फी भरतो. हिला घरी याच्याच बरोबर जायचं आहे. वहिनीऐवजी शेजारीण म्हटलं तर? अर्थ तोच राहतो, गुण तेवढेच मिळतात, कुणाच्या घरात आग लागत नाही. ते सगळं त्यांच्या मनातून एका श्वासात गेलं आणि त्यांना आपल्याच पायाचा अंगठा चपलेत वळलेला जाणवला. त्यांनी तो सरळ केला. भुवई त्यांच्या ओठांकडे बघत थांबली होती. "वहिनी माझ्या हातात ट्रे देते," बाई स्पष्ट, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ट्रे रिकामा असतो. आत जा, असं ती म्हणत नाही. दादाही म्हणत नाही. मी ट्रे घेऊन आत जाते आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर येत नाही."

परीक्षकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "हे झालं घरातलं. यात कवितेचा काय संबंध?"

"वाईट कवी 'आत जा' लिहितो," बाईंच्या तोंडून भुवई म्हणाली. "चांगला कवी नुसता ट्रे लिहितो."

परीक्षकांनी पुढची चिठ्ठी काढली नाही. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मग बाईंकडे वळून, मुलीकडे न बघता विचारलं, "खरं सांगा, यातलं तुमचं किती?"

"एक शब्दही नाही," बाई म्हणाल्या, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही हातांनी भुवईला सांगितली.

बाहेर आल्यावर दादा उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. भुवईनं त्याला पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. तो तिथे बसला होता हे तिला आत्ता कळत होतं. "ताई," तो बाईंना म्हणाला, "ती अगदी तसंच म्हणाली?"

"मी माझ्या पदरचं घालत नाही."

"तिला विचाराल का, की... कधीपासून हे..." त्याला वाक्य पुरं करता येईना. बाईंचे हात वर यायला निघाले. विचारलं की सांगायचं, तिकडचं इकडे, इकडचं तिकडे. अकराव्या वर्षापासून दोन माणसांच्या मधे उभं राहण्याखेरीज त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. त्यांनी हात पिशवीच्या पट्ट्यावर घट्ट धरले.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारा."

"मला येत नाही हो."

"येतं तेवढ्यात विचारा. चुकलात तर ती सांगेल."

आणि त्या वळून जिन्याकडे चालू लागल्या. मागे काहीच ऐकू आलं नाही. दोन माणसं काही न बोलता उभी असली तरी असंच ऐकू येतं, आणि हातांनी बोलत असली तरी असंच. वळून पाहिलं असतं तर कळलं असतं. बाईंनी पाहिलं नाही. कठड्यावर हात ठेवून त्या तिन्ही मजले उतरल्या, फाटकाबाहेर येऊन बसथांब्यावर उभ्या राहिल्या. त्यांची बस आली आणि गेली. दुसरी आली, तीही त्यांनी सोडली.

मग फाटकातून ती दोघं बाहेर आली. दादा स्कूटर चालवत नव्हता, हातानं ढकलत होता, आणि भुवई त्याच्या बाजूनं चालत होती. दहा पावलं गेल्यावर त्यानं भर रस्त्यात स्कूटर स्टँडवर लावली, हात मोकळे केले आणि हवेत काहीतरी केलं. काय केलं ते बाईंना एवढ्या लांबून वाचता आलं नाही. बहुधा ते कुणालाच वाचता आलं नसतं. भुवईनं मान हलवली. तिनं त्याचा अंगठा धरून आत वळवला, करंगळी सरळ केली, आणि पुन्हा कर असं सांगितलं. त्यानं पुन्हा केलं. मागून एक गाडी भोंगा वाजवत होती. स्टँड काढून दोघं पुढे निघाली, आणखी दहा पावलांवर त्यानं स्कूटर पुन्हा लावली.